परदेशी नागरिकत्व घेतल्यावर गावच्या जमिनीचे काय?

शिक्षण-नोकरीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडात गेलेले आपले अनेक धम्मबांधव आता तिथलेच नागरिक झाले आहेत. इकडे वडील वारले की भावकी सांगते, "तू आता परदेशी, तुझं इथं काय?" कायदा असे म्हणत नाही.

भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मतदानाचा हक्क जातो, निवडणूक लढवता येत नाही. मालकी मात्र जात नाही. भारतात राहत असताना घेतलेली किंवा भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशस्थ व्यक्ती ठेवू शकते, विकू शकते. ही तरतूद 1999 च्या फेमा कायद्याच्या कलम 6(5) मध्ये आहे आणि शेतजमिनीलाही लागू होते.

नव्याने घेण्याचे नियम वेगळे. ओसीआय कार्डधारक फ्लॅट किंवा दुकान घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही हेच बंधन आहे. म्हणून परदेशातल्या मुलाच्या नावे हयातीतच शेत बक्षीस देण्याचा बेत चालत नाही. ते वारसाने येऊ शकते. विकायचे झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

वारसा ठरतो 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. नाव आपल्याला खटकते, पण बौद्धांना आज तोच लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला. लंडनच्या बहिणीलाही तो आहे. "फक्त सही कर" म्हणून पाठवलेला कागद पुष्कळदा हक्कसोडपत्र असतो.

आपल्या समाजापुढचा खरा प्रश्न महार वतनाच्या जमिनींचा. वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ संपावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी कब्जाहक्काची रक्कम घेऊन वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण नव्या शर्तीवर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसतो तो यामुळे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी जमीन विकली तर शर्तभंग होतो आणि ती सरकारजमा होऊ शकते. शहरालगत भाव वाढले की दलाल गावातल्या वारसांना थोडी रक्कम देतात आणि परदेशातल्या वारसाकडून कुलमुखत्यारपत्र मागतात. व्यवहार पुढे अडकला तर दलाल हात वर करतो. जमीन आपली जाते.

कुलमुखत्यारपत्र द्यावेच लागले तर एका कामापुरते द्या, गट नंबर लिहा, आणि विक्रीचा अधिकार देणार नसाल तर तसे स्पष्ट नमूद करा. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितले आहे. मात्र त्यात विक्रीचा अधिकार असेल तर मुखत्यार तुमच्या वतीने खरेदीखतच करून देऊ शकतो, हे विसरू नका.

वडिलांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण एखाद्या वारसाचे नाव वगळून फेरफार मंजूर झाला की पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मग दिवाणी दावा, असे हेलपाटे सुरू होतात, आणि तेही दर वेळी विमानाचे तिकीट काढून. भाऊ एकटा जमीन कसतो एवढ्याने ती त्याची होत नाही. परक्याने मात्र उघडपणे मालकी सांगत 12 वर्षे कब्जा ठेवला तर तो प्रतिकूल कब्जाचा दावा करू शकतो. महाभूलेखवर सातबारा परदेशातूनही पाहता येतो. वर्षातून दोनदा पाहावा.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात येतात आणि कर भरल्यावर त्या खात्यातून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. विक्रेता परदेशस्थ असेल तर खरेदीदाराला रकमेतून कर कापून भरावा लागतो. कपात कमी दराने व्हावी यासाठी आयकर खात्याचे प्रमाणपत्र मिळते, पण ते व्यवहाराआधी काढावे लागते.