कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य हे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील वन्यजीव अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ ३६१.७१ चौरस किलोमीटर असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच परिसरात आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण असला, तरी सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर, रतनवाडी या भागांत मुसळधार पाऊस पडतो. हे अरण्य त्या पावसावर पोसलेले आहे.

वृक्षसंपदा

येथील वन प्रामुख्याने निमसदाहरित आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा हे मोठे वृक्ष आणि त्यांखाली करवंद, कारवी यांच्या जाळ्या आढळतात. हिरड्याचे स्थान यांत विशेष होय. औषधासाठी व कातडी कमावण्यासाठी त्याच्या फळांना मागणी असते. महादेव कोळी व ठाकर कुटुंबे कोवळी फळे गोळा करून, वाळवून 'बाळहिरडा' म्हणून विकतात. उभे झाड दरवर्षी उत्पन्न देते, म्हणून ते राखले जाते. जुने हिरडे टिकण्यास कायद्याइतकेच हेही कारण मानावे लागेल. शेकरू, बिबट्या, तरस हे येथील प्राणी होत.

काजवे

मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा परिसरातील हिरडा, सादडा, जांभूळ या झाडांवर असंख्य काजवे लुकलुकतात. संपूर्ण वृक्षच उजळल्याचा भास होतो. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. मोटारींचे दिवे, विजेऱ्या व छायाचित्रणाचा लखलखाट यांमुळे ती खूण हरवते आणि मीलन खुंटते. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत, पालापाचोळ्यात वाढतात. झाडाखालच्या गर्दीने त्या तुडवल्या जातात. पाहण्यासाठी आलेल्यांमुळेच पाहण्याजोगे नष्ट व्हावे, असा हा प्रसंग आहे.

भेट

अकोल्याहून राजूरमार्गे शेंडी (भंडारदरा) येथे जाता येते. जवळचे रेल्वे स्थानक इगतपुरी. कळसूबाईची वाट बारी गावातून, तर हरिश्चंद्रगडाची सोपी वाट पाचनईहून आहे. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर व साम्रदची सांधण दरीही प्रेक्षणीय आहेत, मात्र पावसाळ्यात सांधण दरीत उतरणे धोक्याचे असते. काजवे पाहताना वाहन दूर उभे करून दिवे मालवावेत व पायवाट सोडून झाडाखाली जाऊ नये.