नवी कोरी सायकल, तरी गिअर का अडकतात?

नवी सायकल घेऊन काही आठवडे होतात आणि गिअर बदलताना चेन कटकट वाजू लागते. सायकलच खराब निघाली, असं वाटतं. पण बहुतेकदा केबल फक्त ढिली झालेली असते.

केबल ढिली का होते?

तार ताणली गेली, असं म्हणतात. पण पोलादी तार फारशी ताणली जात नाही. वापरात तारेबाहेरचं आवरण दाबलं जाऊन जागेवर बसतं आणि तार सैल पडते. शिफ्टरच्या प्रत्येक 'क्लिक'ला ठरावीक लांबीचीच तार ओढली जाते. त्यामुळे थोडी ढिलाईही चेनला दोन चक्रांच्या मध्ये अडकवते.

घरी काय कराल?

मागच्या डिरेलरमध्ये केबल जिथे शिरते, तिथे बहुतेक सायकलींना हाताने फिरणारा अ‍ॅडजस्टर असतो. मागचं चाक उचला, पेडल फिरवत गिअर बदला.

• चेन मोठ्या चक्रावर चढत नाही: मागून पाहताना अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा.
• लहान चक्रावर उतरत नाही: घड्याळाच्या दिशेने फिरवा.

एका वेळी पाव फेरीच द्या आणि पुन्हा तपासा.

कशाला हात लावू नये?

डिरेलरवरच्या 'एच' आणि 'एल' स्क्रूंना. ते चेनला टोकाच्या चक्रांपलीकडे जाऊ देत नाहीत. 'एल' जास्त सैल झाला, तर चालत्या सायकलची चेन स्पोकमध्ये जाऊन चाक जॅम होऊ शकतं.

सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर डिरेलरचा हँगर वाकलेला असू शकतो. मग अ‍ॅडजस्टर फिरवत बसू नका, थेट मेकॅनिककडे न्या.