नानांचा डाव

माझे नाना साताऱ्याच्या गुरुवार पेठेत राहत. दुपारची नमाज झाली की ओट्यावर पट मांडायचा, हा त्यांचा शिरस्ता. शाळेत शिकलेले बुद्धिबळ घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा पहिल्याच चालीला तंटा झाला. मी प्यादे दोन घरे सरकवले होते. "प्यादं पायी चालतं बेटा, एकच घर," म्हणत नानांनी ते मागे ठेवले. पुढे मी किल्लेकोट केला तर ते हसायलाच लागले. त्यांच्या खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला शह मिळण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई, तेवढीच त्याची सुटका. प्यादे शेवटच्या घरात पोचले की वजीर मागायची सोय नाही. ज्या मोहऱ्याचे घर, तो मोहरा मिळणार.

हे नियम काही नानांनी काढले नव्हते. युरोपातली पद्धत रुळण्याआधी हिंदुस्थानात थोड्याफार फरकाने असेच खेळत. पंजाबातला मीर सुलतान खान याच देशी डावावर वाढला. १९२९ साली सर उमर हयात खान त्याला विलायतेला घेऊन गेले आणि त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवले. त्याला मानद ग्रँडमास्टर व्हायला मात्र २०२४ उजाडले.

चतुरंग इराणात गेला, अरबांनी त्याचा शतरंज केला आणि पुढे फारसी नावे लेवून तो दख्खनेत उतरला. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द मराठीत इतके मुरले की निवडणुकीची बातमी शह-काटशहाशिवाय छापली जात नाही. या सगळ्या प्रवासात नियम बदलत राहिले आणि कुणाला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. दहाव्या शतकात बगदादच्या अस-सूलीने एक डाव मांडून ठेवला. हजार वर्षे तो कुणाला सुटला नाही. अखेर १९८० च्या दशकात रशियाच्या युरी आवेरबाखने सोडवला. मधल्या काळात कुणीतरी हस्तलिखिते नकलत होते, म्हणून तो डाव त्याच्यापर्यंत पोचला.

आपल्याकडेही लिहिले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृत डावसंग्रह १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीतून छापला गेला, पण 'युरोपीय पद्धतीला जुळवून'. म्हणजे ग्रंथ राहिला आणि नियम बदलले! सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धा भरवून बुद्धिबळ घराघरात नेले. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या सांगलीच्याच. हे यश आंतरराष्ट्रीय नियमांवरचे आहे आणि ते स्वीकारण्याला इलाजही नव्हता. देशी डाव मात्र ओट्यावरच राहिला.

मी स्वतः ओट्यावरून उठलो तो पोवई नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसलो. तासाला वीस रुपये आणि 'रेड अलर्ट' किंवा 'एज ऑफ एम्पायर्स'. दुसऱ्या 'एज'मध्ये सलाहुद्दीनची मोहीम होती, तिच्यापायी माझे मगरिबचे किती अजान ऐकून न ऐकल्यासारखे झाले ते अल्लाहच जाणे. नानांना एकदा तो पडदा दाखवला. त्यांनी विचारले, "याचे नियम कुठे लिहिलेत?" मला सांगता आले नाही.

प्रश्न बरोबर होता. नानांसमोर बसणाऱ्याला सगळे नियम ठाऊक असावेच लागत, त्याशिवाय खेळताच येत नसे. संगणकावर नियम असतात सोर्स कोडमध्ये आणि कोड असतो कंपनीच्या कुलपात. आपल्या हाती येते ती सीडी. यंत्र बदलले की ती थाळी होते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नव्हते.

काही खेळ वाचले ते हट्टी लोकांमुळे. ख्रिस सॉयरचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' बहुतांश असेंब्लीत लिहिलेला. लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश प्रोग्रामरने तयार खेळ उसवून तो सी भाषेत पुन्हा लिहून काढला आणि २००४ मध्ये 'ओपनटीटीडी' सर्वांना खुला केला. चित्रे आणि आवाज तरीही जुन्या सीडीतूनच घ्यावे लागत. स्वयंसेवकांनी तीही नव्याने केली, तेव्हा कुठे २०१० मध्ये मूळ सीडीची गरज संपली. 'रेड अलर्ट'चे नशीब चांगले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. नवी सजवलेली आवृत्ती विकायची होती, म्हणूनही असेल. हेतू कोणताही असो, कोड बाहेर आला. 'एज ऑफ एम्पायर्स' बनवणारा स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला. नव्या आवृत्त्या निघतात, विकल्या जातात, पण कोड कुलपातच आहे.

सांगलीत खणभागात माझा भाचा राहतो, संगणक शिकतो. वेगवेगळ्या देशांतली बुद्धिबळे खेळणारे 'फेअरी-स्टॉकफिश' नावाचे मुक्त इंजिन आहे. साध्या फाइलमध्ये नियम लिहून त्यात नवा प्रकार घालता येतो. भाच्याने देशी डाव घालायला घेतला. प्याद्याचे एक घर पहिल्याच दिवशी झाले. ज्याच्या घरात पोचला तो मोहरा, हे साध्या फाइलीने जमेना, तेव्हा तो मूळ कोडमध्येच शिरला; कोड उघडा आहे म्हणून शिरता आले.

गेल्या आठवड्यात रात्री त्याचा फोन आला. "मामू, घोड्याच्या घरात प्यादं पोचलं आणि दोन्ही घोडे अजून पटावरच असले तर? थांबायचं की तिसरा घोडा?"

या बाबतीत गावोगाव वेगळी रीत होती. साताऱ्यात नाना काय करायचे, ते मला आठवत नाही. नानांसोबत खेळणारे दोघे तिघे होते, त्यांपैकी एकांचे चिरंजीव सोमवार पेठेत राहतात असे अम्मी म्हणते. जुम्म्याला गाठतो त्यांना.