नोत्र दाम कॅथेड्रलच्या दारांवरील लोहकाम

नोत्र दाम कॅथेड्रलच्या दारांवरील लोहकाम हे फ्रान्समधील पॅरिस शहरातील नोत्र दाम या गॉथिक कॅथेड्रलच्या पश्चिम प्रवेशद्वारांवर जडवलेले घडीव लोखंडाचे नक्षीकाम आहे. मध्ययुगीन युरोपीय लोहारकामाचा हा एक सर्वोत्कृष्ट नमुना मानला जातो. बिजागऱ्यांच्या पट्ट्यांना पाने, फुले आणि वेलींचे रूप देणारे हे काम नेमके कसे घडवले असावे, हे नंतरच्या काळात एक कोडे होऊन बसले. त्यातून एक प्रसिद्ध आख्यायिका जन्माला आली. १९व्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळी हे तंत्र नव्याने शोधून काढण्यात आले.

पार्श्वभूमी

सेन नदीतील इल द ला सिते या बेटावरील नोत्र दामचे बांधकाम ११६३च्या सुमारास बिशप मोरिस द सुली यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. टोकदार कमानी, फासळ्यांनी तोललेले दगडी छत आणि बाहेरून भिंतींना टेकू देणारे धनुष्याकृती आधार ही गॉथिक शैलीची वैशिष्ट्ये या वास्तूत आढळतात. पश्चिम दर्शनी भाग प्रामुख्याने १३व्या शतकाच्या पूर्वार्धात उभा राहिला. त्याचे दोन मनोरे सुमारे ६९ मीटर उंच आहेत.

दर्शनी भागात तीन प्रवेशद्वारे आहेत. समोरून पाहता डावीकडे कुमारी मेरीचे, मध्यभागी अंतिम न्यायाचे आणि उजवीकडे संत अ‍ॅनचे द्वार आहे. संत अ‍ॅनच्या द्वारात १२व्या शतकातील काही शिल्पे पुन्हा वापरलेली आहेत. मध्ययुगीन लोहकाम दोन्ही बाजूंच्या द्वारांवर असून त्यातही संत अ‍ॅनच्या द्वारावरील काम विशेष ख्यातनाम आहे.

रचना

या पट्ट्यांचे मूळ काम व्यावहारिक होते. मोठ्या दाराचे कवाड अनेक जाड फळ्या जोडून केलेले असते. आडव्या लोखंडी पट्ट्या या फळ्यांना एकत्र बांधून ठेवतात आणि पट्टीचे एक टोक भिंतीतील खुंटीवर फिरत असल्याने तीच बिजागरीचेही काम करते. काही पट्ट्या फिरत्या नसून केवळ फळ्या आवळण्यासाठी आणि शोभेसाठी बसवलेल्या असतात.

नोत्र दाममध्ये या पट्टीतून दोन्ही बाजूंना फांद्या फुटतात, त्या गोल वळणे घेतात आणि त्यांच्या टोकांना पानाफुलांचे गुच्छ येतात. नक्षीमध्ये अधूनमधून पक्षी व काल्पनिक प्राणीही दिसतात. फांद्यांच्या विस्तारामुळे कवाडाचा बहुतेक पृष्ठभाग लोखंडाने धरला जातो. त्यामुळे दाराची मजबुती आणि त्याची शोभा या दोन गोष्टी येथे वेगळ्या करता येत नाहीत.

तंत्र

हे काम ओतीव लोखंडाचे नसून घडीव लोखंडाचे आहे. त्या काळी पश्चिम युरोपात कच्चे लोखंड सामान्यतः लहान भट्टीत, धातू पूर्ण न वितळवता, कोळशाच्या आचेवर मिळवले जाई. स्पंजासारखा सच्छिद्र गोळा हातोड्याने ठोकून त्यातील मळी बाहेर काढली जाई.

पाने व फुले घडवण्यासाठी लोहार तापलेले लोखंड कोरीव ठशात ठोकून बसवत असे. असे सुटे तुकडे जोडून गुच्छ, गुच्छ जोडून फांदी आणि फांद्या जोडून पूर्ण पट्टी तयार होई. प्रत्येक जोड लोखंड पांढरे होईपर्यंत तापवून हातोड्याच्या घावाने सांधला जाई. काम पुढे सरके तसा धोका वाढत असे, कारण नवा सांधा तापवताना आधी घडवलेले नाजूक भाग जळून जाण्याची शक्यता होती. अनेक सांधे कड्यांसारख्या उठावाखाली झाकलेले असल्याने संपूर्ण पट्टी एकसंध भासते.

ठशांच्या साहाय्याने लोखंड घडवण्याची ही पद्धत १३व्या शतकात इंग्लंडमध्येही रूढ झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधील राणी एलेनॉर ऑफ कॅस्टिल यांच्या समाधीवरील जाळी हे तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ही जाळी टॉमस ऑफ लेटन या लोहाराने १२९४मध्ये घडवली.

बिस्कोर्नेची आख्यायिका

नोत्र दामच्या पट्ट्या घडवणाऱ्याचे नाव मात्र इतिहासाला ज्ञात नाही. लोककथेने ही जागा बिस्कोर्ने नावाच्या लोहाराने भरून काढली. काम आवाक्याबाहेरचे आहे हे ध्यानात आल्यावर त्याने सैतानाशी करार केला आणि पट्ट्या तयार झाल्या, असे ही कथा सांगते. दारे बसवल्यावर ती उघडेनात. पवित्र जल शिंपडल्यावरच ती उघडली. मधल्या दारातून पवित्र प्रसादाची मिरवणूक जात असल्याने तेथे सैतानाचे काही चालले नाही, म्हणून ते दार साधेच राहिले, असेही सांगितले जाते. बिस्कोर्ने या नावाचा अर्थ ‘दोन शिंगांचा’ असा लावला जातो. कारागिराच्या कौशल्याचे श्रेय या कथेत सैतानाकडे जाते. मात्र हे काम पाहणाऱ्यांना किती अशक्यप्राय वाटत होते, याचीही ती साक्ष देते.

जीर्णोद्धार

१७७१मध्ये वास्तुविशारद सूफ्लो यांनी मिरवणुकीतील छत्र सहज जावे म्हणून मधल्या द्वाराचा खांब काढून त्यावरील शिल्पांचा काही भाग कापला. १८४४मध्ये कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराचे काम लासु आणि व्हियोले-ल-द्युक यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यात मधले द्वार पूर्ववत करण्यात आले.

लोहकामाची जबाबदारी पिएर बुलांजे या कारागिराकडे होती. त्यांनी जुन्या पट्ट्यांची दुरुस्ती केली आणि मधल्या दारासाठी मध्ययुगीन पद्धतीने नव्या पट्ट्या घडवल्या. व्हियोले-ल-द्युक यांनी आपल्या फ्रेंच वास्तुकलेच्या कोशात या तंत्राचे सविस्तर विवेचन केले. अशा रीतीने भट्टी, ठसा आणि हातोडा यांच्या बळावर हे काम माणसाच्या हातून होऊ शकते, हे प्रत्यक्ष सिद्ध झाले. आज तिन्ही दारे सारख्याच शैलीत सजलेली दिसत असली, तरी मधल्या दारावरील लोहकाम १९व्या शतकातील आहे.

दगडांमधील लोखंड

१५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीत कॅथेड्रलचे लाकडी छप्पर व मधला उंच कळस नष्ट झाला. दर्शनी भाग व त्याची दारे मात्र बचावली. आगीनंतरच्या कामात दगड एकमेकांना जखडणारे अनेक लोखंडी आकडे उघडे पडले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांचा वापर ११६०च्या दशकापासून, म्हणजे बांधकामाच्या आरंभीच्या टप्प्यापासून झाला होता. दगड बांधण्यासाठी लोखंडाचा इतका व्यापक वापर झालेले हे ज्ञात असलेले पहिले गॉथिक कॅथेड्रल ठरले. काही आकडे वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड एकत्र सांधून केलेले आढळले. दारांवर उघडपणे मिरवणारे लोखंड भिंतींच्या आतही अदृश्यपणे काम करत होते, हे या संशोधनामुळे स्पष्ट झाले.

सद्यस्थिती

पुनर्बांधणीनंतर डिसेंबर २०२४मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले. पश्चिम दारांवरील लोहकाम समोरच्या चौकातून पाहता येते. नोत्र दामचा समावेश असलेला सेन नदीकाठाचा परिसर १९९१पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.