मिरची, सुपारी आणि परळचे उंदीर

रायगड जिल्ह्याची दोन टोके मनात ठेवून हा लेख लिहितो आहे. एक श्रीवर्धन. तिथल्या रोठा सुपारीचे नाव आमच्या आजोळी आंब्याच्या बरोबरीने घेतले जाई. दुसरे खारघर. तिथे डोंगराच्या पायथ्याशी टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार आणि संशोधनाची संस्था उभी आहे. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली तिथे हलली आणि तिच्याबरोबर सुपारीच्या चौकशीचा वारसाही खाडी ओलांडून नवी मुंबईत आला. ही चौकशी जवळजवळ अर्धे शतक चालली. तिच्यात उंदीर होते, हॅम्स्टर होते, माणसे तर होतीच. आणि बराच काळ चुकीच्या आरोपीचा माग काढला गेला.

सुपारीवर संशय घेणे आपल्याला जड जाते. पूजेत गणपती म्हणून ती बसते, लग्न ठरले की ती फुटते, निमंत्रणाला ती जाते. मुंबईच्या बोलीत तिला चिकटलेला आणखी एक अर्थ मुद्दाम बाजूला ठेवतो. जेवणानंतर आजीच्या हातातला अडकित्ता कटकट वाजू लागला की आम्ही मुले हात पुढे करून रांगेत बसत असू. त्यात काही वावगे आहे असे घरात कोणालाही वाटले नव्हते.

चौकशीची सुरुवात मात्र सुपारीपासून झाली नाही. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ. रोग झालेल्या ऊतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यावरून रोगाचा पूर्वेतिहास सांगायचा, हा त्यांचा व्यवसाय. पण त्यांची नजर काचपट्टीवर थांबणारी नव्हती. ज्या माणसाचा हा तुकडा, तो काय नेसतो, काय खातो, काय चघळतो, असे ते विचारीत. १९४५ साली त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधाचा विषयच रूढी आणि कर्करोग हा होता. कमरेला वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळल्याने त्याच जागी होणारा कर्करोग, ज्याला पुढे ‘धोतराचा कर्करोग’ म्हटले गेले, तो त्यांनी जगापुढे मांडला. पुढे १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

त्याच वर्षी श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक विचित्र विकार नोंदवला, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. गालाच्या आतली कातडी पांढुरकी पडते, तिच्याखाली तंतूंचे दोरखंड तयार होतात, तोंड उघडेनासे होते. घास जाईना, जांभई देता येईना. या तंतूंच्या जागी पुढे कर्करोग होऊ शकतो, हे नंतर कळले. पण रोग्याची पहिली तक्रार ठरलेली असे: “तिखट सोसत नाही हो डॉक्टर, तोंडाची आग होते.”

इथेच संशयाची सुई मिरचीकडे वळली. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट यांनी विस्टर जातीचे पांढरे उंदीर घेतले, त्यांचा आहार आधी मुद्दाम बदलला आणि मग त्यांच्या टाळूवर कॅप्सेसिनचा, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणाऱ्या द्रव्याचा, लेप पुन्हा पुन्हा लावला. त्या टाळूचे काप साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही. वैद्यकीय संशोधनासाठी हे यंत्र वापरणाऱ्या भारतातल्या अगदी पहिल्या फळीत सिरसाटबाईंचे नाव घेतले जाते. उंदरांच्या टाळूत तंतुमय बदल दिसले. १९६० साली निबंध छापून आला. मिरचीवर आरोप ठेवायला आता हातात पुरावा होता.

पुरावा खोटा नव्हता. पण उंदराने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न वेगळा होता. उंदीर एवढेच सांगत होता की निकृष्ट आहार आणि सततचा दाह एकत्र आले तर टाळूची ऊती बदलते. परळच्या वा आफ्रिकेतल्या रोग्याचे तोंड कशाने बिघडले, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. आज मागे वळून पाहिले की घोटाळा ढळढळीत दिसतो. तिखट न सोसणे हे रोगाचे लक्षण होते. कातडी आधीच बिघडली होती म्हणून मिरची झोंबत होती. मेक्सिकोतली माणसे आपल्याइतकीच मिरची खातात, त्यांच्या तोंडात असे दोरखंड होत नाहीत. पुढे अमेरिकेत हॅम्स्टरच्या गालावर कॅप्सेसिन लावून पाहिले, तेव्हा परिणाम फारच मर्यादित दिसला.

परळच्याच इमारतीत, खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या एका विदुषीने दुसरी वाट धरली होती. कमलताई रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची विद्या आत्मसात केली. हेला पेशींमुळे जगाला माहीत झाली तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, आपल्या देशातली पहिली.

स्तनांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या त्या काळच्या सगळ्यांना उंदराने भारून टाकले होते. १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनर यांनी दाखवले होते की कर्करोगप्रवण मादीची पिल्ले जन्मताच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यातले कर्करोगाचे प्रमाण घटते. दुधातून काहीतरी जात होते, आणि ते ‘काहीतरी’ विषाणू निघाला. मग स्त्रियांच्या दुधात असा विषाणू असेल का? मुंबईच्या पारशी समाजात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त, म्हणून पारशी मातांच्या दुधात शोध झाला. १९७१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत सिरसाटबाई आणि टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद पेमास्टर यांचीही नावे आहेत. दुधात विषाणूसारखे कण दिसले, आशा पल्लवित झाल्या, पण मानवी स्तन-कर्करोगाचे कारण म्हणून ते सिद्ध झाले नाहीत. एका प्राण्यातले सत्य दुसऱ्या प्राण्यात उतरेलच असे नाही, हा धडा त्या पिढीने असा पैसे मोजून घेतला.

सुपारीच्या बाबतीत मात्र प्राणी उपयोगी पडला, आणि का पडला हे पाहण्यासारखे आहे. भारतात पान खाणारे बहुतेक लोक त्यात तंबाखूही घालत. १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांनी रोग्यांच्या सवयी मोजून तंबाखू आणि मुखाचा कर्करोग यांचे नाते आकड्यांनी मांडले होते. पण विड्यातली तंबाखू वेगळी आणि सुपारी वेगळी करणार कशी? माणसाच्या तोंडात दोन्ही एकत्रच जातात. प्रयोगशाळेत त्यांची फारकत करता येते. शिवाय हॅम्स्टरला गालात दाणे साठवायची पिशवी असते. आपले लोक तंबाखूची चिमूट किंवा विडा गालात धरून ठेवतात, तशीच ही निसर्गदत्त जागा. १९७६ आणि १९७९ मध्ये रणदिवे आणि गोठोस्कर यांनी सहकाऱ्यांसह उंदीर आणि हॅम्स्टर यांच्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सुपारीच्या अर्काने, तंबाखूची मदत न घेता, प्राण्यांत गाठी उठल्या. अमेरिकेतही १९७१ मध्ये हॅम्स्टरच्या गालपिशवीवर सुपारीचा अर्क लावून असाच निष्कर्ष आला होता.

तरीही सुपारी सुटली. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निवाडा दिला तो असा: तंबाखूसह विडा माणसात कर्करोगकारक, तंबाखूविना विड्याबद्दल मानवी पुरावा अपुरा. गंमत अशी की चघळायच्या तंबाखूबद्दल प्राण्यांतला पुरावा त्याच निवाड्यात अपुरा ठरला होता. तंबाखूला माणसांनी दोषी ठरवले आणि जनावरे गप्प राहिली; सुपारीबद्दल जनावरे बोलत होती आणि माणसांतली मोजदाद हातात नव्हती. मला यात संस्थेचा दोष दिसत नाही. हॅम्स्टरच्या गालपिशवीला आपल्या गालासारखा लसिकांचा निचरा नसतो. तिथे उठलेली गाठ माणसाच्या नावावर लिहायची तर सावधगिरी हवीच. पण त्याच वर्षांत पानमसाला आणि मग गुटखा पाच-पन्नास पैशांच्या पुड्यांतून शाळेच्या दारापर्यंत पोचला, हे विसरता येत नाही.

मोजदाद करणारेही मुंबईतच होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता, गुप्ता, दफ्तरी आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी खेड्यापाड्यांत घरोघर फिरून ५०,९१५ माणसांची तोंडे तपासली. तो अहवाल १९६८ चा. एर्नाकुलममधल्या सबम्युकस फायब्रोसिसच्या रोग्यांवर तर त्यांनी १७ वर्षे नजर ठेवली, आणि त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. हळूहळू ऊतीतली यंत्रणाही उलगडली. सुपारीतले अरेकोलिन तंतू विणणाऱ्या पेशींना चेतवते, टॅनिन त्या कोलॅजेनला असे घट्ट करते की शरीराला ते विरघळवता येत नाही, आणि सुपारीतले तांबे त्या विणीला आणखी गाठी मारते. तैवानमध्ये विडा तंबाखूविना खातात. तिथल्या रोग्यांनी उरलेली उणीव भरून काढली. २००३ मध्ये त्याच संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले. कमलताई त्याआधी दोन वर्षे, २००१ मध्ये, गेल्या होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची वास्तू आज वाशीत आहे.

खारघरला आजही प्राणिगृह आहे, आणि उंदरांवर प्रयोग करायचा तर समितीपुढे कारण सांगावे लागते. ते सांगावे लागते हे बरेच आहे. परळच्या त्या शेकडो मुक्या जिवांची मोजणी कोणी ठेवली असेल का, असा विचार मनात येतोच. पण प्रश्न विचारायची जागा आता बदलली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गाल आणि हिरड्यांच्या कर्करोगाच्या जनुकीय नकाशात ॲक्ट्रेकचा वाटा आहे, आणि तो नकाशा रोग्यांच्याच गाठींवरून काढलेला आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी मिळते. गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करते. आणि तपासणीला आलेल्या माणसाला डॉक्टर अजूनही आधी एवढेच सांगतात: तोंड उघडा, आणि स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये घालून पाहा. काहींची दोनच जातात.