एकसामयिक रेषीय समीकरणे

दोन किंवा अधिक चलांच्या रेषीय समीकरणांचा असा गट, की त्यातील सगळ्या अटी चलांच्या त्याच किमतींनी पूर्ण व्हायला हव्यात. या किमतींना उकल म्हणतात.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रह’ (इ. स. सुमारे ८५०) या संस्कृत ग्रंथातले उदाहरण पाहू. ९ महाळुंगे व ७ कवठे यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१. एकेका फळाची किंमत किती?

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

सहगुणकांची अशी अदलाबदल दिसली, की दहावीचा विद्यार्थी समीकरणांची बेरीज व वजाबाकी करतो. क्ष + य = १३, क्ष − य = ३; म्हणून महाळुंग ८ ला, कवठ ५ ला. महावीराचार्यांचा नियम याहून खोल जातो. मोठ्या किमतीला फळांच्या मोठ्या संख्येने आणि लहान किमतीला लहान संख्येने गुणायचे, नि गुणाकारांच्या वजाबाकीला त्या संख्यांच्या वर्गांच्या अंतराने भागायचे : (९६३ − ७०७) ÷ (८१ − ४९) = २५६ ÷ ३२ = ८. यातला ३२ हा भाजक, ९ × ९ − ७ × ७, म्हणजेच आजचा निश्चयक (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांचे अंतर). स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी कितीही चलांसाठीचा निश्चयकाचा नियम १७५० मध्ये प्रसिद्ध केला.

समीकरणांचा निश्चयक शून्य आला, की एकमेव उकल मिळत नाही. दुसऱ्या खरेदीत १८ महाळुंगे व १४ कवठे २१४ ला मिळाली, तर नवी माहिती काहीच नाही, उकली अनंत. तीच २१० ला मिळाली, तर दोन्ही अटी एकमेकींना खोडतात आणि उकल उरत नाही. आलेखावर पहिल्या प्रसंगी रेषा एकावर एक पडतात, दुसऱ्या प्रसंगी समांतर जातात.

चले वाढली, की लोप पद्धतच, म्हणजे एकेक चल काढून टाकत जाणे, कामाची. प्राचीन चिनी ग्रंथ ‘जिउझांग सुआनशू’च्या आठव्या अध्यायात तीन प्रतींच्या धान्याचे उदाहरण मोजणीच्या काड्या स्तंभांत मांडून, स्तंभांतून स्तंभ वजा करत सोडवले आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्य ‘बीजगणिता’त अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक म्हणतात, प्रत्येक समीकरणातून पहिल्या अज्ञाताची किंमत काढून त्या किमती समान मांडतात. जर्मन गणिती गाऊस यांनी १८१० च्या सुमारास पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी क्रमवार लोप वापरला.

२० चलांच्या २० समीकरणांना या क्रमवार लोपात सुमारे ३,००० गुणाकार-भागाकार पुरतात. क्रेमरच्या नियमाने मात्र एकेका निश्चयकाच्या विस्तारात २४ वर १७ शून्ये इतकी पदे निघतात. म्हणून संगणकही लोपच करतो. त्यात ज्या सहगुणकाने भागायचे तो शून्याच्या अगदी जवळ आला, तर अंकांच्या छाटणीतली बारीक चूक फुगते; यासाठी दर टप्प्यावर मोठ्यात मोठा सहगुणक असलेले समीकरण वर घेतात.