नव्या राजवाड्यातील वनचर

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबे व त्याचा तलाव, तर उत्तरेस कसबा बावड्याच्या वाटेवर नवा राजवाडा. कळंब्याहून राजवाड्यास जायचे तर अवघे शहर ओलांडावे लागते. मेजर चार्ल्स मँट या स्थापत्यकाराच्या आराखड्यानुसार १८७७ साली या काळ्या दगडी वास्तूचे काम सुरू झाले आणि १८८४ साली ते पुरे झाले. आज तिच्या काही भागात छत्रपती शहाजी संग्रहालय आहे. तलवारी, बंदुका व पोशाख यांच्यापुढून मुले भरभर निघून जातात. थांबतात ती वाघापाशी. वाघ, सिंह, अस्वल, गवा, रानडुक्कर, रानकुत्रे, हरणे असा वनचरांचा मेळा तेथे निःशब्द उभा आहे.

आपण या प्राण्यांना 'पेंढा भरलेले' म्हणतो. वस्तुतः कमावलेले कातडे प्राण्याच्या आकाराच्या साच्यावर चढवून, काचेचे डोळे बसवून ही कलाकृती सिद्ध होते. म्हैसूरचे व्हॅन इंगेन घराणे या कलेत जगप्रसिद्ध होते आणि देशभरच्या संस्थानिकांच्या शिकारी त्यांच्याकडे जात. या दालनांतून फिरताना आम्हांस कौतुक वाटले आणि खेदही वाटला. वाघाच्या व हत्तीच्या अवयवांपासून घडविलेल्या दिवाणखान्यातील वस्तू पाहिल्या, की त्या काळी शिकार हा राजवैभवाचा केवढा भाग होता हे ध्यानी येते.

त्या वैभवात कोल्हापूरचे एक आगळे स्थान होते. येथे चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविली जाई. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीतून माळावर नेत. कळप दृष्टिपथात आला की टोपी काढून त्यास मोकळा सोडीत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी (राज्यकाल १८९४ ते १९२२) व त्यानंतरही काही वर्षे हा खेळ चालला.

परंतु त्यामागे एक अडचण दडलेली होती. बंदिवासात चित्त्यांची वीण होत नसे. मुघल बादशहा जहांगीर याने पाळीव चित्तिणीला पिल्ले झाल्याचे नवल आपल्या आठवणींत नोंदविले. त्यानंतर २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत तशी दुसरी नोंद आढळत नाही. शिवाय शिकार करण्याचे ज्ञान पिल्लाला आईकडूनच मिळे. म्हणून जाणता चित्ता रानातूनच पकडावा लागे. म्हणजे दरबारातील प्रत्येक चित्त्यामागे रानातला एक चित्ता उणा होई. १९१८च्या सुमारापासून कोल्हापूर व भावनगर या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले, यावरून देशी चित्ता किती विरळ झाला होता ते उघड होते. १९४७ साली मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या राजाने एकाच रात्री तीन चित्ते मारले. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले.

गव्याची कथा निराळी आहे. राधानगरी-दाजीपूरचे दाट रान हे छत्रपतींच्या शिकारीचे राखीव क्षेत्र. तेथे गवे मारले गेले हे खरे. पण रान राखीव असल्याने कुऱ्हाड व नांगर यांपासून ते वाचले. १९५८ साली तेथेच दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातील आद्य अभयारण्यांत त्याची गणना होते. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा बसला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत राधानगरीचा समावेश झाला. राजवाड्यातील गवा निश्चल उभा असला, तरी त्याचे भाईबंद आजही दाजीपूरला चरत आहेत.

चित्त्याला मात्र माळ राहिला नाही. जंगलाला निदान 'राखीव' हा मान मिळाला. माळरान 'पडीक' ठरले आणि नांगराखाली गेले. दरबाराने चित्त्यास मांस दिले, सेवक दिले, गाडी दिली. त्याचा माळ मात्र कोणी राखला नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले, तेव्हा प्रथम शोधावी लागली ती जागाच.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंतही आला आहे. अलीकडे गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येऊ लागले आहेत. शेतकऱ्याचे पीक तुडविले जाते, माणसाच्या जिवालाही धोका होतो. त्याचा संताप रास्तच आहे. तथापि गव्याला रान पुरेसे उरावे आणि शेतकऱ्याला नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी, या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. एक सोडून दुसरी टिकणार नाही.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे : मुलांना नवा राजवाडा अवश्य दाखवावा, आणि त्याच सुट्टीत दाजीपूरलाही न्यावे. काचेआडचा गवा पाहिलेल्या मुलाला चालता गवा दिसला, तर रान राखणे म्हणजे काय हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.